स्वतःचाच जुना पेपर थिसिसमध्ये घालताय? मग आधी हे वाचा

माझ्या थिसिसचा पहिला सिमिलॅरिटी रिपोर्ट (किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो ते सॉफ्टवेअर सांगतं तो) आला तो ३४ टक्क्यांचा. पोटात गोळाच आला. उघडून बघितलं तर तिसरं प्रकरण पानंच्या पानं लाल आणि बाजूला एक नंबरचा सोर्स म्हणून माझाच पेपर, माझंच नाव. म्हणजे मी माझंच चोरलं म्हणे! सबमिशनला अकरा दिवस राहिले होते त्यामुळे हसू पण येईना.

तर "माझंच लिहिलेलं आहे, त्यात चोरी कसली" हे आधी डोक्यातून काढा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एप्रिल २०२० मध्ये नोटीस काढून सांगितलंय की स्वतःचं आधी छापलेलं लिखाण, थोडं असो नाहीतर सगळं, नीट संदर्भ न देता नवीन म्हणून पुढे केलं तर चालणार नाही. वापरूच नका असं कुठे म्हटलेलं नाहीये, न सांगता वापरू नका एवढंच.

आणि टक्केवारी हा वेगळा विषय आहे, लोक दोन्हीची खिचडी करतात. यूजीसीच्याच २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत काही दंड नाही, त्यावर ४० पर्यंत गेलं तर सुधारून परत द्यायचं, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, ४० ते ६० मध्ये असाल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. या भीतीने पोरं आपल्याच परिच्छेदातले शब्द इकडचे तिकडे करत रात्र रात्र बसतात. आकडा उतरतो हो, पण सायटेशन नसेल तर चूक आहे तिथेच आहे, वर मेथड सेक्शनची वाट लागते ती वेगळीच. "नमुने ४८ तास सुकवले" हे अजून किती प्रकारे लिहिणार?

त्यापेक्षा एक एक्सेल शीट करा. थिसिसचा कुठला भाग, कुठल्या पेपरातून, जसाच्या तसा की बदलून, बस. मग त्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर सरळ टीप द्या, मी अशी दिली होती: "या प्रकरणातील ३.२ आणि ३.३ हे भाग माझ्या २०२१ सालच्या लेखात आधी प्रसिद्ध झाले असून येथे किरकोळ बदलांसह घेतले आहेत. ३.४ मधील विश्लेषण नवीन आहे." खाली पेपरचा पूर्ण संदर्भ. आकृती आणि तक्त्यांखाली परत वेगळं लिहायचं, टीप वर दिलीये म्हणून ते सोडू नका, मी सोडलं होतं आणि गाईडनी लाल पेनाने गोल करून परत दिलं.

को-ऑथर असतील तर जास्त जपून. पेपरात "आम्ही" असतं, थिसिसमध्ये तुम्ही एकटे. मग प्रयोग कोणी केला, ग्राफ कोणी काढला, कुठला परिच्छेद कोणाचा, हे त्याच टीपेत लिहा आणि त्यांना आधी मेल करून ठेवा. माझा एक ग्राफ लॅबमधल्या ज्युनियरने काढलेला, तिचं नाव खाली टाकलं तर काही बिघडलं नाही.

पब्लिशरचं पण बघून घ्या. एल्सव्हिअरसारखे मोठे पब्लिशर लेखकाला स्वतःचा लेख थिसिसमध्ये घेऊ देतात, पण अटी असतात, आयईईई (इंजिनिअरिंगची जर्नल्स काढणारी संस्था) तर ऑनलाइन थिसिससाठी जर्नलची छापील पीडीएफ नाही, स्वीकारलेली प्रत, म्हणजे पेपर मंजूर झाला तेव्हाची तुमची स्वतःची प्रत वापरा म्हणतं. थिसिस शेवटी शोधगंगेवर (भारतातल्या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर) सगळ्यांना दिसणार आहे हे लक्षात असू द्या.

आता सॉफ्टवेअर. त्याला तुमची टीप वाचता येत नाही, ते लाल करणारच. रिपोर्ट काढायच्या आधीच लायब्ररीत जाऊन विचारा की स्वतःचे पेपर वगळायला काय लागतं. आमच्याकडे पेपरांची यादी आणि गाईडच्या सहीचं पत्र लागलं, ते दिल्यावर तो सोर्स वगळून रिपोर्ट आला ८ टक्के. नियमातही संदर्भासह उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजायचं नाही असंच आहे, ती सेटिंग लावलीये का ते तिथेच उभं राहून बघा.

एम.फिल.चा प्रबंध छापलेला नव्हता म्हणून तो चालतो असं समजू नका, त्यावर एक पदवी घेऊन झालीये. तो अप्रकाशित प्रबंध म्हणून सूचीत टाका आणि त्यातलं काय वाढवलं ते प्रस्तावनेत चार ओळीत लिहा. उलट्या दिशेने जाताना, म्हणजे थिसिसमधून नंतर पेपर काढताना, एडिटरच्या पत्रात आणि पेपरात पण तसं कळवायचं.