घोटा मुरगळलाय आणि सामना तोंडावर आहे? खेळायचं ठरवण्याआधी या चुका टाळा

कबड्डीत घोटा दोन तऱ्हांनी जातो. बोनस घेऊन झपकन वळताना पाऊल आतल्या बाजूला कलंडतं आणि बाहेरच्या घोट्यापुढचं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) ताणतं किंवा फाटतं. ही नेहमीची मुरगळ. दुसऱ्या तऱ्हेत कोपऱ्यातल्या खेळाडूने घोटा धरलेला असतो, पाऊल मॅटवर अडकलेलं असतं आणि चढाई करणारा अंग पिळून मध्यरेषेकडे ओढ घेतो. पाऊल बाहेरच्या दिशेने फिरतं आणि पोटरीतली दोन हाडं घोट्याच्या वर जिथे एकमेकांना बांधलेली असतात, ते लिगामेंट दुखावतं. या दुसऱ्या प्रकारात सूज अनेकदा कमी दिसते, पण भरून यायला नेहमीच्या मुरगळीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. ‘सूज नाही, म्हणजे किरकोळ आहे’ हा हिशेब इथेच फसतो.

घरी एक अंदाज घेता येतो. पोटरीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी हाताने दाबा. दाबता पोटरी आणि कळ येते खाली घोट्याच्या वर, असं झालं तर त्या आठवड्यातल्या सामन्याचा विचार सोडा आणि अस्थितज्ज्ञाला गाठा. यावर टेप बांधून भागत नाही.

एक्स-रे काढायचा की नाही, हे सुजेवरून ठरवणं

सूज प्रचंड आणि हाड शाबूत, असं सर्रास होतं. उलटही होतं. डॉक्टर यासाठी ओटावा नियम वापरतात. मुरगळल्याबरोबर आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, लंगडतसुद्धा नाही, तर एक्स-रे हवाच. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेवर सहा सेंटीमीटरपर्यंत हाड दाबल्यावर दुखत असेल, तरीही हवा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो, तोही दाबून पाहा. करंगळीच्या रेषेतलं हे हाड मुरगळीत हमखास दुर्लक्षित राहतं.

किशोर गटातल्या मुलामुलींच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवं. त्यांच्या हाडांची वाढ चालू असते आणि बाहेरच्या घोट्याच्या टोकाजवळच वाढीची पट्टी असते. तिथे दुखत असेल तर ‘मुरगळलंय, होईल बरं’ म्हणून पुढच्या फेरीत उतरवू नका.

एक्स-रे चांगला आला की लगेच सरावाला सुरुवात, ही याचीच जोडचूक. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. ते किती फाटलंय हे डॉक्टर हाताने ताण देऊन बघतात. पहिल्या दोन दिवसांत दुखण्यामुळे आणि सुजेमुळे ही तपासणी नीट होत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी ती जास्त भरवशाची असते. म्हणून पहिल्याच संध्याकाळी ‘रविवारी खेळणार का?’ विचारलंत, तर कुणीच खरं उत्तर देऊ शकत नाही. तोवर बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी लावा. क्रेप बँडेज बांधा आणि पाय उशीवर ठेवा. जोरात चोळून ‘घोटा बसवून’ घेऊ नका.

‘चालताना दुखत नाही’ म्हणजे बरा झाला

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सौम्य मुरगळीत एक-दोन आठवडे, मध्यम असेल तर तीन ते सहा, आणि लिगामेंट पूर्ण तुटलं असेल तर त्याहून बरेच जास्त, असा ढोबळ अंदाज असतो. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं. पाऊल कलंडायला लागलं की स्नायूंनी ते क्षणात सावरायचं असतं. हे सावरणं सर्वांत शेवटी परत येतं आणि नेमकी त्याच काळात दुसरी मुरगळ होते.

म्हणून तारखेवरून नव्हे, चाचणीवरून ठरवा. प्रत्येक चाचणी आधी चांगल्या पायाने करा, मग दुखऱ्या.

भिंतीसमोर अनवाणी उभे राहा. अंगठा भिंतीपासून दहा सेंटीमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल थोडं मागे घ्या, नाहीतर पुढे. टाच न उचलता गुडघा टेकतो ते जास्तीत जास्त अंतर मोजा. दोन पायांत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. असा घोटा घेऊन खाली बसून पकड करायला गेलात, तर टाच उचलली जाते आणि तोल पुढे जातो. लोक इथे फसवणूक करतात ती टाच जराशी उचलून; टाचेखाली कागद ठेवा आणि दुसऱ्याला तो ओढून बघायला सांगा.

मग एका पायावर टाचा उचलणं, सावकाश, पूर्ण उंचीपर्यंत. चांगला पाय पंचवीस काढत असेल आणि दुखरा पंधरावर थरथरत असेल, तर पोटरीची ताकद आलेली नाही. त्यानंतर जमिनीवर तीस सेंटीमीटर अंतराच्या दोन रेघा मारा आणि एका पायावर डावी-उजवीकडे दहा वेळा उड्या मारा, वेळ लावून. एका पायावर सलग तीन लांब उड्यांचं एकूण अंतरही मोजा. चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के यायला हवं. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. मोबाइलवर समोरून चित्रण करा. अंतर पुरेसं आहे, पण उतरताना गुडघा आत वळतोय किंवा हात हवेत फिरवून तोल सावरावा लागतोय, तर ती चाचणी नापास धरा. आणि चांगला म्हणतोय तो पायही पूर्वी मुरगळलेला असेल तर त्याच्याशी केलेली तुलना फसवी असते. कबड्डीपटूंमध्ये असे दोन्हीकडून गेलेले घोटे काही दुर्मीळ नाहीत.

सरळ धावता आलं की सामन्याला तयार

कबड्डीत सरळ धावतं कोण? चढाई करणाऱ्याने पायाने गडी मारून उलटं फिरून पाहावं, बोनस रेषेवर एक पाय हवेत ठेवून थांबून पाहावं. कोपऱ्यातल्या खेळाडूने घोट्यावर झेप घेऊन पाहावी. क्रम असा ठेवा: सरळ धाव, नागमोडी धाव, पूर्ण वेगात वळणं, संपर्काविना चढाया, मग पकडीसकट सराव. सामन्याआधी निदान दोन पूर्ण सराव, तेही अडखळ न होता.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. शिंप्याची टेप घोट्याभोवती आणि तळव्याखालून इंग्रजी आठच्या आकारात फिरवून सरावाआधी मोजा, दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजा. एक सेंटीमीटरहून जास्त वाढलं, किंवा पलंगावरून उतरताना लंगडावं लागलं, तर एक पायरी मागे या. सहा आठवड्यांनंतरही सूज येतच असेल किंवा सांध्यात आत खोल दुखत, अडकत असेल, तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. सांध्याच्या पृष्ठभागावरची कूर्चा दुखावलेली असू शकते.

गोळी घेऊन चाचणी देणं

डायक्लोफेनॅक घेऊन चाचण्या पास झालात, तर गोळी पास झाली. चाचणीच्या दिवशी वेदनाशामक नकोच. सामन्याआधी घोट्यात स्टिरॉइड टोचून घेणं तर दुहेरी धोक्याचं: दुखणं झाकलं जातं, शिवाय 1 जानेवारी 2022 पासून ग्लुकोकॉर्टिकॉइडची (म्हणजे याच स्टिरॉइडच्या गटाची) सर्व प्रकारची इंजेक्शनं स्पर्धाकाळात उत्तेजक-विरोधी नियमांनुसार निषिद्ध आहेत. सांध्यातलं इंजेक्शनही त्यात आलं, आणि औषध शरीरातून जायला दिवस लागतात.

टेपवर भिस्त

आधी मुरगळलेल्या घोट्याला टेप किंवा लेस बांधायच्या ब्रेसचा उपयोग होतो, यात शंका नाही. खेळताना तो वर्षभर वापरावा. पण तो पास झालेल्या घोट्यासाठी आहे, नापासाला पास करण्यासाठी नाही. टेप न ताणणारी घ्या. पाऊल काटकोनात ठेवून, आतल्या बाजूकडून तळव्याखालून बाहेर आणि वर अशी ओढा. पाऊल खाली लोंबकळत ठेवून बांधलेली टेप पहिल्याच वळणाला निरुपयोगी. घामाने ती वीसेक मिनिटांत सैल पडते, म्हणजे पुरुषांच्या सामन्यात साधारण मध्यंतरालाच; त्या पाच मिनिटांत पुन्हा बांधायची तयारी ठेवा. ब्रेस असेल तर तेव्हा लेस आवळता येते, त्यामुळे बहुतेक स्थानिक संघांना ब्रेसच सोयीचा.

‘फक्त दोन चढाया कर, मग बस’

तीस सेकंदांच्या एका चढाईत घोट्याला जे सोसावं लागतं ते पूर्ण सामन्यातलंच असतं. कमी वेळ खेळून त्या एका पकडीतला धोका कमी होत नाही. बारा जणांच्या संघात पाच राखीव असतात ते यासाठीच. अंतिम सामना आहे, प्रौढ खेळाडू आहे, चाचण्या काठावर पास आहेत आणि पुढे मोठी विश्रांती आहे, तर धोका पत्करणं समजण्यासारखं आहे. निवड चाचणीच्या नावाखाली सोळा वर्षांच्या मुलाला तसं उतरवणं नाही. निर्णय आदल्या दिवशी, खेळाडू, प्रशिक्षक आणि फिजिओ यांनी मिळून घ्यावा. नाणेफेकीच्या वेळी विचारलं तर प्रत्येक जण ‘खेळतो’च म्हणतो.

उतरल्यावरही बाहेर येण्याच्या खुणा आधी ठरवून ठेवा: पाऊल एकदा जरी ‘निसटल्यासारखं’ वाटलं, दुखऱ्या पायावर वळणं टाळून तुम्ही एकाच बाजूने चढाया करू लागलात, किंवा मध्यंतराला त्या पायावर दहा सेकंद डोळे मिटून उभं राहणं चांगल्या पायापेक्षा उघड अवघड गेलं, तर बदली खेळाडू मागा.