गांधीलमाशीवर काम करायचंय? आधी फळमाशी पाळायला शिका

फळमाशीच्या जैविक नियंत्रणावर, म्हणजे नैसर्गिक शत्रू वापरून तिचा बंदोबस्त करण्यावर काम करायला येणाऱ्या नवख्यांच्या डोळ्यांसमोर परोपजीवी गांधीलमाशी असते: फळमाशीच्या अंड्यात किंवा अळीत अंडं घालणारी, जिचं पिल्लू फळमाशीला आतून खाऊन वाढतं. अंगापेक्षा लांब अंडनलिका, फळाच्या सालीतून आतल्या अळीचा घेतलेला वेध, वगैरे. प्रत्यक्षात सुरुवातीचे महिने जातात ते फळमाशीच्या अळ्यांचं खाद्य कालवण्यात. कोंडा, यीस्ट, साखर, पाणी आणि बुरशी रोखणारं रसायन. मिश्रण पातळ झालं की अळ्या गुदमरतात, सुकलं की खुरटतात. वास कपड्यांना बसतो तो वेगळाच.

हे काम हलकं समजू नका. मादी गांधीलमाशीचं अफलित अंडं नर होतं, फलित अंडं मादी. फळमाशीची अळी लहानखुरी दिसली की गांधीलमाशी तिच्यात बहुधा नराचं अंडं घालते. म्हणजे खाद्य बिघडलं की पुढच्या पिढीत नरांची गर्दी होते, आणि नर कुठल्याही अळीला हात लावत नाही. नव्याने निघालेल्या माद्यांना नर मिळाले नाहीत तर पुढची अख्खी पिढीच नरांची. प्रयोगशाळेत पाळलेली वसाहत ढासळली की बहुतेक जण गांधीलमाशीच्या पिंजऱ्यात कारण शोधतात. मी आधी अळ्यांचा ट्रे बघतो.

शिकायला डायाकॅस्मिमॉर्फा लाँगिकॉडाटा ही जात सोयीची. पूर्ण वाढत आलेल्या अळ्या थोड्या खाद्यासकट उथळ बशीत पसरायच्या, वर ताणून पातळ कापड बांधायचं आणि बशी पिंजऱ्यात ठेवायची. मादी कापडावर फिरत खालच्या अळ्यांची हालचाल टिपते आणि नळी खुपसते. अळ्या थंडीने निपचित असतील तर ती फारशी फिरकत नाही. बशी फार वेळ ठेवली तर एकाच अळीत अनेक अंडी पडतात आणि शेवटी जगते एकच. पिंजऱ्यात मधाचं बोट आणि पाणी पुरतं. आणि नाही, ती माणसाला चावत नाही; हा प्रश्न घरचे सगळे विचारणारच.

फोपियस अरिसानस ही दुसरी जात मात्र परीक्षा बघते. ती फळमाशीच्या अंड्यात अंडं घालते, पण यजमानाला, म्हणजे त्या फळमाशीला, लगेच मारत नाही. अळी वाढते, कोषात जाते आणि कोषातून माशीऐवजी गांधीलमाशी निघते. हवाईत १९४०च्या दशकात ओरिएंटल फळमाशी शिरली, तेव्हा आशियातून अनेक परोपजीवी आणून सोडले गेले. आधी लाँगिकॉडाटाची चलती होती. काही वर्षांतच अरिसानसने सगळ्यांना मागे टाकलं. ती अंड्यांवर हल्ला करते हे मात्र १९५१मध्ये प्रसिद्ध झालं, कारण तिला आधी दुसऱ्याच जातीचं रूप समजत होते. जुने लेख शोधताना ओपियस आणि बायोस्टेरेस ही जुनी नावंही टाकून बघा, नाहीतर अर्धं वाङ्मय हाती लागणार नाही. हा गोंधळ आजही संपलेला नाही. ड्रोसोफिला सुझुकी या फळं नासवणाऱ्या छोट्या माशीवर सोडलेली गॅनास्पिस ब्राझिलिएन्सिस ही परोपजीवी गांधीलमाशी २०२४मध्ये गॅनास्पिस किमोरम या नव्या नावाने वेगळी केली गेली. म्हणून प्रत्येक तुकडीतले थोडे नमुने अल्कोहोलमध्ये जपून ठेवा.

आता मोजणी. इथे नवख्यांनी सगळ्यात जास्त सावध राहावं असं मला वाटतं. परोपजीवनाची टक्केवारी काढताना आपण निघालेल्या गांधीलमाश्यांना माश्या आणि गांधीलमाश्या यांच्या बेरजेने भागतो. दिसायला सोपं. पण माश्या आधी निघतात, गांधीलमाश्या काही दिवसांनी, त्यातही नर आधी. माश्या संपल्या म्हणून कोषांचा डबा रिकामा केला तर टक्केवारी शून्याकडे जाते. फळं लवकर तोडून आणली तर अळीवर हल्ला करणाऱ्या जातींना संधीच मिळालेली नसते. अंड्यांवरची जात तेवढी दिसते. न उघडलेले कोष फोडून आत काय होतं ते पाहायचं, हे कंटाळवाणं काम टाळू नका. कुणी नुसता टक्का सांगितला तर फळं झाडावरची की पडलेली, आणि कोणत्या जातीची, हे विचारा. लहान रानफळांत नळी अळीपर्यंत पोचते. मोठ्या, जाड गराच्या फळात अळी खोल सुरक्षित राहते. रानफळांवरचा आकडा बागेला लावण्यात अर्थ नाही.

बागेत नुसत्या गांधीलमाश्यांवर भागत नाही, हेही लवकर मान्य करा. पडलेली फळं उचलणं, आमिष फवारणी, नर पकडणारे सापळे हे लागतंच. पण पडलेली फळं जमिनीत पुरली की त्यातल्या गांधीलमाश्याही जातात. यावर हवाईत वापरलेला ऑग्मेंटोरियम मला फार आवडतो: जाळीचा तंबू, आत कुजकी फळं, भोकं इतकी बारीक की फळमाशी अडकते आणि गांधीलमाशी निसटते. प्रकल्पाचा विषय शोधत असाल तर स्थानिक जातींना जाळीचं कोणतं माप चालतं, एवढ्यावरही प्रबंध होतो.

प्रयोगशाळा निवडताना उपकरणांपेक्षा तीन गोष्टी विचारा. वसाहतीत रानातून आणलेले कीटक शेवटचे कधी मिसळले? परदेशी जातीवर काम असेल तर आयातीची परवानगी आणि बंदिस्त कक्ष आहे का, आणि ती जात इतर निरुपद्रवी माश्यांना धरते का, हे कोण तपासतं? आणि रविवारी अळ्यांना खाद्य कोण घालतं? याचं उत्तर बहुधा तुम्हीच असता, तेव्हा पाळ्या आधी ठरवून घ्या.