कामाचा कुत्रा तयार करताना या चुका टाळा

ग्वाल्हेरपासून तीसेक किलोमीटरवर टेकनपूर. सीमा सुरक्षा दलाचं तिथलं श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून चालू आहे, त्यामुळे कामाचा कुत्रा कसा दिसतो हे इकडे कोणाला सांगावं लागत नाही. पंचाईत पुढे होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या तीन खोल्यांच्या घरात हौसेनं मॅलिनोआ, म्हणजे बेल्जियन जातीचा कामाचा कुत्रा, येतो आणि सहा महिन्यांत 'ऐकतच नाही' ही तक्रार सुरू होते. बहुतेक वेळा तो ऐकत असतो. नकळत जे शिकवलं गेलं, तेच करत असतो.

पहिली चूक तोंड आणि हात एकदम चालवण्याची. 'बैठ' म्हणतानाच हात वर जातो, कंबर वाकते. कुत्रा हालचाल आधी वाचतो आणि शब्द वाया जातो. खात्री करायची तर खाऊ खिशातून काढून बाजूला ठेवा, हात पाठीमागे बांधा आणि शब्द एकदाच उच्चारा. बसला नाही, तर त्याला शब्द येत नाही असं समजा. क्रम असा हवा: शब्द, सेकंदभर शांतता, मग खूण, बसताक्षणी शाबासकीचा शब्द 'येस', आणि त्यानंतरच हात खाऊकडे. 'येस'ला अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर झाला, की बक्षीस बसण्याऐवजी उठण्याला मिळतं. थैलीत हात आधीच घातलेला असेल तर कुत्रा थैलीवर नजर ठेवायला शिकतो. मग थैली घरी राहिली की काम बंद.

शब्द निवडतानाही जपा. घरात मराठी, गल्लीत हिंदी, त्यामुळे 'बस' हा शब्द दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना दिवसभर म्हटला जातो. आज्ञा म्हणून तो लवकर बोथट होतो. आयजीपी या कामाच्या कुत्र्यांच्या खेळात (ट्रॅकिंग म्हणजे वासावरून माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे त्याचे तीन भाग) जगभर 'सिट्झ' (बस), 'प्लाट्झ' (आडवा पड), 'आउस' (सोड) हे जर्मन शब्द चालतात. आपल्याकडे त्यांचा मोठा फायदा हा, की घरात ते दुसऱ्या कशासाठी कोणी वापरत नाही.

टग, म्हणजे तोंडात धरून ओढायचं खेळणं, सोडत नाही म्हणून ओढाओढ करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. ओढलं की शिकार निसटते आहे असं त्याला वाटतं आणि जबडा आणखी घट्ट होतो. टग दोन्ही हातांनी मांडीशी दाबून अगदी निर्जीव करा. बोलू नका, डोळ्यांत बघू नका. तोंड उघडलं की 'येस', आणि टग लगेच पुन्हा जिवंत. सुटका भरवशाची झाल्यावरच तिला 'आउस' हा शब्द जोडा. दहापैकी आठ वेळा सोडल्यावर खेळ परत मिळाला पाहिजे. 'सोडलं की संपलं' हे एकदा डोक्यात बसलं, की पुढची सगळी भांडणं तिथूनच निघतात. पुढच्या दातांनी धरणं किंवा सारखं चावत राहणं हे बहुधा दडपणाचं लक्षण असतं. अशा वेळी मऊ तागाचा टग घ्या, समोरून न भिडता शेजारी उभे राहा, त्याला वस्तू तोंडात धरून शांतपणे फिरू द्या. चार ते सात महिन्यांत दात बदलतात, तेव्हा ताण देऊन खेळणं बंदच.

आणि चौकीदाराच्या हातात काठी देऊन कुत्र्याला 'तयार' करायचा उद्योग नको. त्यातून खेळाचा कुत्रा तयार होत नाही, भेदरून चावणारा होतो. जाणता हेल्पर (संरक्षणाच्या सरावात कुत्र्यासमोर उभा राहणारा) मिळत नसेल तर संरक्षणाचा भाग सोडून द्या. ट्रॅकिंग आणि आज्ञापालन यांतही भरपूर काम आहे.

ट्रॅकिंगमध्ये घाई नडते. आयजीपीच्या पहिल्या पातळीवर हँडलरनं, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्यानं, स्वतः टाकलेला तीनशे पावलांचा माग असतो, दोन वळणं आणि मागावर ठेवलेल्या दोन वस्तूंसह, निदान वीस मिनिटं जुना. सुरुवात तिथून करायची नसते. मीटरभर चौकोन पायांनी नीट तुडवा, त्यात खाऊचे वीस-तीस बारीक तुकडे टाका. काही दिवसांनी तिथून वीस पावलं सरळ चाला, प्रत्येक ठशात एक तुकडा. वारा पाठीमागून असू द्या. समोरून आला तर कुत्रा नाक वर उचलून माग सोडून धावतो. वळण नंतर आणा आणि वळणापुढच्या दहा पावलांत खाऊ मुळीच वगळू नका. कुत्रा पळत सुटत असेल तर ठशांतला खाऊ फार लवकर विरळ झाला आहे, किंवा दोर तुम्हीच ताणून धरला आहे. नांगरलेलं ओलसर शेत उत्तम, अर्थात मालकाला विचारून. गहू कापल्यावरचे खुंट पंज्यात आणि नाकात घुसतात, गोखरूचं तर विचारूच नका.

मे-जूनमध्ये इथला पारा ४५ च्या आसपास असतो, लू, म्हणजे गरम झळांचा वारा, दुपारभर वाहते. काम सूर्योदयाआधी, तेही चार-पाच मिनिटांच्या तुकड्यांत. दिवसभर कूलरसमोर झोपलेल्या कुत्र्याला एकदम मैदानात नेऊ नका. उन्हाची सवय व्हायला निदान एक-दोन आठवडे लागतात. जीभ टोकाला रुंद होऊन लोंबली, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट झाली, की थांबा. झोकांड्या किंवा उलटी दिसली तर सावलीत नेऊन अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि मगच डॉक्टरकडे निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते.

छाती खोल असलेल्या जातींत पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून भरपेट जेवण आणि काम यांत तीन तास ठेवा. सव्वा-दीड वर्षापर्यंत उंच उड्या नकोत, कोटा फरशीवर तर खेळसुद्धा नको.

घरात सगळं येतं, पण मेळा मैदानावर गेलं की भटकी कुत्री दिसताच सगळं विसरतो? आज्ञा मोठ्यानं ओरडून उपयोग नाही. तो खाऊ घेतो आणि तुमच्याकडे वळतो, तेवढं अंतर शोधा. ते शंभर पावलंही असू शकतं. तिथे सलग तीन दिवस काम जमलं की दहा पावलं पुढे सरका. खाऊ नाकारला तर वीस पावलं मागे.