परभणीत बसून कंटेम्पररी बॅलेची मिक्स संध्याकाळ कशी बघायची

कंटेम्पररी बॅले म्हणजे जुन्या बॅलेच्या स्टेप्स नव्या पद्धतीनं वापरणारा नाच, अन मिक्स बिल म्हणजे एकाच रात्री असे तीन-चार छोटे बॅले, मधे इंटरव्हल, अन एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. लंडन-पॅरिसला असे शो लागतात, आपल्या परभणी-नांदेडला कुठून येणार, पण टीव्ही, एचडीएमआय वायर अन बरा स्पीकर असला की हॉलमधेच जमतं. यूट्यूबवर मोठ्या बॅले कंपन्यांच्या ऑफिशियल चॅनेलवर पूर्ण बॅले फार कमी सापडतात, तुकडे मात्र भरपूर, सुरुवातीला तेवढे पुरतात. टीव्हीचे स्पीकर वापरू नका, आवाज पार पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो.

सुरुवात बॅलनशीन या कोरिओग्राफरच्या (नाच बसवणाऱ्याच्या) 'सेरेनेड'नं करा. तसं हे जुनं आहे, 1934चं, पण पुढच्या सगळ्याची पायवाट इथूनच निघते. पडदा उघडला की 17 पोरी उजवा हात वर करून उभ्या दिसतात, का 17, तर पहिल्या दिवशी तालमीला तेवढ्याच आल्या होत्या. एक पोरगी उशिरा आली, एक पडली, तेही त्यानं नाचात घेऊन टाकलं. म्हणून इथं 'मग पुढं काय झालं' असं विचारत बसू नका, स्टोरी नाहीच, चायकोव्हस्कीचं संगीत अन हलणारी माणसं, बस.

मग दुसऱ्या कोरिओग्राफरचं, फोरसाइथचं 'इन द मिडल, समव्हॉट एलेव्हेटेड' लावा, पॅरिस ऑपेरा बॅलेसाठी 1987 ला केलेलं. थॉम विलेम्सचं इलेक्ट्रॉनिक म्युझिक आदळतं, शेजारी बेल वाजवतील, तयारी ठेवा. वर मधोमध दोन सोनेरी चेरी लटकलेल्या असतात, त्याचा अर्थ लावत बसू नका. नजर कंबरेवर ठेवा. जुन्या बॅलेत अंग सरळ उभं, तोल मधोमध, इथं कंबर बाजूला ओढलेली, पोरगी आता पडतीच असं वाटतं अन ती त्याच तिरक्या तोलातून पुढची स्टेप काढते. हे एकदा दिसलं की बाकी आपोआप दिसायला लागतं.

आपल्याकडं वेरूळ-अजिंठा महोत्सवात नाहीतर संभाजीनगरच्या महागामीत कथक बघितलेल्यांना एक फायदा आहे. चक्कर घेताना मान शेवटपर्यंत मागं ठेवायची अन झटक्यात फिरवायची, ही ट्रिक दोन्हीकडं सेम. फरक पायाचा. कथकवाला पाय जमिनीवर वाजवून दाखवतो, बॅलेवाली आवाज लपवायला बघते. तरी चांगल्या स्पीकरवर पॉइंट शूजची, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायच्या बुटांची, टकटक ऐकू येते, कारण बुटाचं टोक कापड-कागदाचे थर चिकटवून कडक केलेलं असतं. पहिल्यांदा ऐकलं की माणूस चमकतो.

आता इंटरव्हल, अन हा टाळू नका. एकामागं एक लावलं की सगळे डोक्यात कालवून जातात. वीस मिनिटं घ्या, चुरमुऱ्याचा सुशीला करा, चहा टाका, अन कोणाला काय दिसलं ते बोलू द्या. 'मला काहीच कळालं नाही' म्हणणाऱ्याला समजावत बसू नका, त्याला फक्त विचारा कोणता क्षण ध्यानात राहिला.

तिसरं कोरिओग्राफर किलियनचं 'पेटीट मॉर्ट', 1991, संगीत मोझार्टच्या दोन पियानो कॉन्चर्टोंचे (पियानो अन ऑर्केस्ट्राच्या रचनांचे) संथ भाग. सहा पुरुष, सहा बायका, सहा तलवारी. बायका काळ्या मोठ्या घेरदार ड्रेसमागं उभ्या असतात अन ते ड्रेस चाकांवर सरकतात, लेकरं इथं खदाखदा हसतात. मात्र कपडे अंगाच्या रंगाचे, तंग, जवळीकही बरीच आहे, घरात आजी-आजोबा बसलेले असले तर आधी स्वतः बघून ठरवा.

शेवटी कोरिओग्राफर क्रिस्टल पाइटचं 'फ्लाइट पॅटर्न', 2017, लंडनच्या रॉयल बॅलेसाठी. संगीतकार गुरेत्स्कीच्या तिसऱ्या सिम्फनीवर 36 जण, निर्वासितांचा लोंढा. सगळे एकत्र वाकतात, एकत्र वळतात, म्हणून इथं एकट्या माणसाकडं न बघता पूर्ण घोळका बघा, मोबाइलवर हे मुळीच बघू नका, माणसं मुंग्यांएवढी दिसतात. याच्यानंतर दुसरं काही लावायचं नाही. अन लाइट जायची वेळ आधी बघून घ्या, नाहीतर नेमका हाच राहतो.