टर्मिनलवरून डीव्हीडी, प्लेयरवर खरंच चालणारी

लग्नाची एमपी फोर फाइल सरळ डिस्कवर टाकली तर लॅपटॉपवर चालते, पण गावाकडच्या जुन्या प्लेयरला ती बहुतेक वेळा वाचताच येत नाही, त्याला एमपेग टू हा व्हिडिओचा फॉरमॅट लागतो आणि व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर लागतं. लिनक्सवर तीन टूल्स बास: फाइल बदलायला एफएफएमपेग, डीव्हीडीचं फोल्डर बनवायला डीव्हीडीऑथर, डिस्क बर्न करायला ग्रोआयसोएफएस. मेनूबिनूच्या नादी लागू नका, डिस्क घातली की पिक्चर सुरू, एवढंच हवं असतं घरच्यांना.

एफएफएमपेगला फाइल द्या, टार्गेट पाल-डीव्हीडी (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्ही पद्धत) आणि अॅस्पेक्ट १६:९. ७२० बाय ५७६ साइज, सेकंदाला २५ फ्रेम, एसी थ्री ऑडिओ हे सगळं तो स्वतःच लावतो. घोळ होतो तो साइजचा, कारण तो व्हिडिओला ६००० के बिटरेट (सेकंदाला ६००० किलोबिट) धरतो म्हणजे ४.७ जीबीच्या डिस्कवर जेमतेम दीड तास, आणि आपली लग्नं दीड तासात कुठे आटपतात! मग हिशोब करायचा: डिस्कचे ४७०० एमबी गुणिले ८, भागिले एकूण सेकंद. दोन तासांना सेकंदाला ५.२ मेगाबिट येतात, त्यातला अर्धा मेगाबिट ऑडिओचा, थोडी जागा सोडायची, राहिले ४५०० के. हा आकडा बी-कोलन-व्ही लावून टार्गेटच्या नंतर द्यायचा. तीन तास कोंबायचे तर ३००० के वर यावं लागतं आणि वरातीच्या नाचात चौकोन चौकोन दिसायला लागतात, त्यापेक्षा सरळ दोन डिस्क करा.

आता डीव्हीडीऑथर. आधी व्हिडिओ फॉरमॅट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पालवर एक्सपोर्ट करा, नाहीतर तो पाल की एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) विचारत अडून बसतो. मायनस ओ ला फोल्डर, छोट्या टी ला फाइल, चॅप्टर हवे तर सी ला वेळा. मग तीच कमांड परत, यावेळी ओ आणि नुसता कॅपिटल टी. ही दुसरी फेरी हमखास विसरली जाते आणि मग प्लेयर डिस्क ओळखतच नाही.

फोल्डर व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडून शेवटपर्यंत पुढे ढकलून बघा, आवाज मागेपुढे होत असेल तर इथेच कळतं. मगच ग्रोआयसोएफएस: डीव्हीडी-कॉम्पॅट, स्पीड ४, कॅपिटल झेड ला ड्राइव्ह, बहुतेक मशीनवर एसआर झिरो, मग डीव्हीडी-व्हिडिओ आणि फोल्डर. फोल्डर बाहेरचं द्यायचं हां, व्हिडिओ टीएस ज्याच्या आत आहे ते.