रिकामा बसलेला क्युबिट कसा सांभाळायचा

क्वांटम कॉम्प्युटरवर सर्किट (क्युबिटवर, म्हणजे क्वांटम बिटवर, करायच्या क्रियांची यादी) चालवलं, उत्तर गचाळ आलं की बरेच जण थेट एरर करेक्शन, म्हणजे चुका पकडून दुरुस्त करण्याच्या पद्धती, वाचायला बसतात. शोरचा १९९५चा कोड, सरफेस कोड, सगळं भारीच आहे, पण एक धड क्युबिट मिळवायला ढीगभर क्युबिट लागतात आणि आपल्या हातात असतो फुकटातला थोडासा मशीन टाइम. त्याआधी डायनॅमिकल डिकपलिंग करून बघा, म्हणजे रिकाम्या बसलेल्या क्युबिटला ठरावीक वेळी पल्स देऊन त्याचा बिघाड उलटवायचा.

पहिलं काम, सर्किटचा टाइमलाइन काढा आणि कुठला क्युबिट किती वेळ नुसता बसलाय ते बघा. समजा ५ क्युबिटची जीएचझेड स्टेट (सगळे ० आणि सगळे १ यांचं मिश्रण) बनवताय, पहिल्यावर हॅडामार्ड (० आणि १ यांचं मिश्रण करणारी क्रिया) आणि मग सीनॉटची (दोन क्युबिट जोडणारी क्रिया) साखळी, तर पहिल्याचं काम लगेच संपतं आणि मग तो बाकीच्यांची वाट बघत बसतो, तेवढ्यात त्याची फेज, म्हणजे ० आणि १ या भागांमधला कोन, सरकते. साखळी मधल्या क्युबिटपासून दोन्हीकडे काढली तर सीनॉटच्या ४ पायऱ्यांऐवजी ३ होतात, हे आधी करा, फुकट आहे.

उरलेल्या गॅपमध्ये दोन एक्स पल्स (०चा १ आणि १चा ० करणारे) टाका, एक पाव वाटेवर, एक पाऊण वाटेवर. पहिल्या पल्सने क्युबिट उलटा होतो, त्यामुळे मधल्या अर्ध्या वेळात फेज उलट्या दिशेने सरकते आणि दोन्ही टोकांच्या पाव-पाव भागांचा हिशेब फिटतो, दुसरा पल्स क्युबिटला परत सरळ करतो. मूळ युक्ती एर्विन हानची, १९५०ची, एनएमआरमधली (अणुकेंद्रांचं चुंबकीय मोजमाप). क्विस्किटमध्ये (आयबीएमचं क्वांटम सॉफ्टवेअर) तर नुसता ऑप्शन ऑन करायचा, एक्सएक्स किंवा एक्सवाय४ हा पल्सचा क्रम निवडायचा.

पण हे चालतं फक्त हळू बदलणाऱ्या नॉइजवर. टी-वनमुळे, म्हणजे ऊर्जा गमावून, क्युबिट १ वरून ० वर घसरत असेल तर पल्स काही करू शकत नाही. आणि पल्स स्वतःही थोडा चुकतोच, म्हणून बारक्या गॅपमध्ये कोंबाकोंबी नको.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा काहीच फरक दिसेना, दोन दिवस डोकं खाजवलं. चूक मोजण्यात होती. नुसते ००००० आणि १११११ मोजले तर फेजचा बिघाड दिसतच नाही! शेवटी सगळ्या क्युबिटवर हॅडामार्ड लावा, मग मोजा, सगळं ठीक असेल तर १ची संख्या कायम सम यायला हवी. डिकपलिंग ऑन आणि ऑफ, तेवढेच शॉट्स (सर्किट किती वेळा चालवायचं ते), लागोपाठ चालवा, सकाळचा रन संध्याकाळच्या रनशी ताडू नका, मधे मशीनचं कॅलिब्रेशन बदललेलं असू शकतं.