ग्रामपंचायतीले उभं राहाचं का नाही, माझा अनुभव

२०१७ मध्ये पॅनलवाले पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी फुगलोच होतो, खोटं कायले सांगू. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, सदस्य नऊ, मी तेव्हा २६ चा. "भाऊ, तुह्यासारखं शिकलेलं पोट्टं पाह्यजे" म्हणे. रात्री जेवता जेवता आईनं इचारलं, तुह्या मोठ्याबापाचं पोरगं त्याच वार्डात उभं हाय ना? तेव्हा ट्यूब पेटली. वार्डात आमच्या भावकीची साठेक मतं, तेच फोडाचे होते त्यायले. मी नाही म्हटलं.

म्हणून नवीन पोरांनो, आधी हे पाहा का तुम्हाला उभं कोण करून राह्यलं अन् त्याचं त्यात काय अडलंय. लोकांना वाटते चांगले माणसं हराच्या भेवानं उभे राहत नाहीत. हरलं तं दोन दिवस वाईट वाटते, बस. पण ज्याच्या शेताच्या धुऱ्याले आपला धुरा लागून हाय त्याच्याच विरोधात फॉर्म भरला तं फवारणीचा पंप मागाले कोण्या तोंडानं जाल?

२०२२ मध्ये मोठ्याबापाले आधी भेटलो, ते म्हणे या वेळी आमचा कोणी नाही, भर तू. पैशाचं काही नाही, तेव्हा डिपॉझिट ओपनले ५००, राखीवले १००, नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याची खर्च मर्यादा २५ हजार (चहा-पोहे अन् पेट्रोलचं विचारू नका). अडते ते कागदात. दोनपेक्षा जास्त लेकरं अन् त्यातलं एखादं १२ सप्टेंबर २००१ नंतरचं असलं तं बाद. १ जानेवारी १९९५ ले का त्याच्यानंतर जन्मले असाल तं सातवी पास पाह्यजे. अन् सगळ्यात जास्त लोक गुपचूप मागं सरतात ते अतिक्रमणापाई, कारण निवडून आल्यावरही कोणी तक्रार केली तं पद जाते, घरच्यांचं असलं तरी. आमच्या बाबांचा गोठा ई-क्लासवर, म्हणजे सरकारी जमिनीवर होता. तो मोडून बैलं आंगणात बांधले तेव्हा फॉर्म भरला, बाबा आठ दिवस बोलले नाहीत.

१४ मतांनी पडलो. पण निवडणुकीच्या खर्चाचा हिशोब पडलेल्यालेही द्यावा लागते, निकालापासून ३० दिवसांत, नाही तं पुढच्या ५ वर्षांपर्यंत उभं राहता येत नाही. पडलेले लोक तहसीलकडे फिरकतच नाहीत अन् तिथंच फसतात. मी जानेवारीत कापूस वेचाचा सोडून गेलो, पोच घेतली, ती अजून आईच्या पेटीत हाय.